वेशीबाहेरचं यंत्र

बांदवळच्या हायस्कुलात विज्ञानाचे शिक्षक येतात आणि बदली करून घेऊन जातात. घाटावरच्या माणसाला आमचा पाऊस सोसत नाही, आणि पाऊस सोसला तर इथली भाषा सोसत नाही. प्रयोगशाळेतली कार्मीन फर्नांडिस मात्र चोवीस वर्षं जागची हललेली नाही. हुद्दा परिचराचा. म्हणजे काचनळ्या धुवायच्या, ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, संध्याकाळी कुलूप लावायचं. पण शाळेतल्या कुठल्याही पोराला विचारा, प्रयोगशाळा कोणाची? पोर म्हणणार, "कार्मीन बायची." सरांचं नाव नंतर, आठवलं तर.

कार्मीन दहावीपर्यंत शिकलेली. पुढचं शिक्षण तिने पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता केलं. फडका एका हातात आणि उघडं पुस्तक दुसऱ्या हातात, असं तिला पाहिलेल्या एका हेडमास्तरांनी तिला कामचुकार ठरवलं होतं. ते हेडमास्तर गेले, धूळही गेली, पुस्तकं तिच्या डोक्यात राहिली. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तिची एक पेटी आहे. शाळेत जे मोडतं ते त्या पेटीत जातं: पंख्याचे रेग्युलेटर, सायकलचे डायनामो, कंपासचे पाय, एक बिनकाट्याचं घड्याळ. शाळेच्या दप्तरी या पेटीची नोंद 'भंगार' अशी आहे. दप्तरात काय, माणसाचीसुद्धा नोंद चुकते.

दरवर्षी दिवाळीनंतर संशोधन-स्पर्धांची परिपत्रकं येतात. मग पोरं मोबाइलवर बघून काहीतरी घेऊन येतात. "बाय, मी आपोआप उघडणारा कचऱ्याचा डबा करतंय." कार्मीन विचारते, "तुझ्या घराकडे कचऱ्याचो डबो आसा?" घरामागे परसात माडाच्या मुळात कचरा टाकणाऱ्याला डबा कशाला हवा? मग ती आपलं ठरलेलं वाक्य बोलते. चोवीस वर्षांत त्यातला एक शब्द बदललेला नाही. "घराक जा. जंय कोण काम करता थंय घटकाभर बस. तोंड उघडू नको. हात खंय अडता ता बघ आणि माका येवन सांग."

हात कुठे अडतो ते बघायचं. एवढंच तिचं शास्त्र.

या शास्त्राने बक्षिसं मात्र फारशी मिळाली नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. खाडीत खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्या, फोडणाऱ्या बायकांची बोटं कापतात हे बघून एका पोराने सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटांची टोपणं केली होती. त्या वर्षी तालुक्यात पहिला नंबर आला थर्माकोलच्या चांद्रयानाला. चांद्रयान दुसऱ्या पावसाला उंदरांनी खाल्लं. कालववाल्या आजही बोटांत ट्यूब घालून खाडीत उतरतात. पण तालुक्याच्या पुढे कार्मीनचं एकही पोर कधी गेलं नाही, ही गोष्ट तिला टोचायची. येत्या मे महिन्यात ती निवृत्त होणार होती. ती कोणाजवळ बोलली नाही, पण रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर ती दुसरं काही मागत नव्हती.

यंदा तिच्याकडे आल्या त्या नववीतल्या दोघी, तुळसा आणि मेल्विना. तुळसा घरी जाऊन बसली ती आपल्या आजीजवळ. काशीबाई, वय बहात्तर, गेली अकरा वर्षं सुकी मासळी करून विकते. समुद्राच्या वाळूवर मासळी पसरायची आणि सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत हातात काठी घेऊन कावळे हाकत बसायचं. पाठ दुखली तरी उठायचं नाही, डोळा लागला तर मासळी गेली. तुळसा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "बाय, आजयेचो हात खंयच अडणा नाय. हात चलतच रवता. दिवसभर."

कार्मीन काचनळी पुसायची थांबली. चोवीस वर्षांत असं उत्तर तिने ऐकलं नव्हतं. "मगे तो थांबवया," ती म्हणाली.

पेटीतून एक मोटर निघाली, एक बॅटरी निघाली. दोघींनी यंत्र केलं: दर मिनिटाला एक दांडा पत्र्यावर आपटायचा. पहिल्या दिवशी कावळे उडाले. दुसऱ्या दिवशी उडाले आणि परत आले. तिसऱ्या दिवशी एक कावळा त्या पत्र्यावरच येऊन बसला. दांडा आपटायच्या आधी उडायचा, आपटून झाला की परत बसायचा. मेल्विना हसून हसून वाळूत लोळली. तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा पेटीतल्या घड्याळाचं यंत्र जोडून त्यांनी आपटायची वेळ थोडी बदलली, आणि प्रयोगशाळेत तीन दिवस ते झकास चाललं. अर्थात प्रयोगशाळेत कावळे नव्हते.

स्पर्धा पुण्यातल्या एका संस्थेची होती, राज्य पातळीवरची. फॉर्मसोबत तीन मिनिटांचं चित्रीकरण पाठवायचं: यंत्र चालताना दिसलं पाहिजे आणि ज्याच्यासाठी केलं तो माणूस ते वापरताना दिसला पाहिजे. शेवटची वेळ शनिवार, संध्याकाळी पाच. चित्रीकरण बुधवारीच उरकलं असतं, पण कार्मीन म्हणाली, "शुक्रवारी करूया. ऊन बरा आसता." शहाणी बाई, पण तिचा हा शहाणपणा अंगाशी आला.

कारण बुधवारी रात्री देवाने कौल दिला, आणि गावपळण दुसऱ्याच दिवशी ठरली.

ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून पटत नाही. तीनचार वर्षांतून एकदा, ग्रामदेवाचा हुकूम झाला की सगळं गाव तीन दिवस वेशीबाहेर जातं. माणसं जातात, गुरं जातात, कुत्री, मांजरं, कोंबड्या जातात. घराला कडी घालायची, चूल विझवायची आणि निघायचं. तीन दिवस गावात दिवा लागत नाही. हिंदू असो, किरिस्ताव असो, कोणी मागे राहायचं नाही. कार्मीनच्या सासऱ्यांच्या आजोबांपासून फर्नांडिसांचं घर नगारा वाजला की बाहेर पडत आलं आहे. का, हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर सात म्हातारे सात कारणं सांगतात.

गुरुवारी दुपारी नगारा वाजला. कोणी डोक्यावर टोपली, कोणी पाठीवर चादरींचं गाठोडं, एका म्हातारीच्या काखेत बोका. कार्मीनने आपल्या सहा कोंबड्या पकडल्या, टोपलीखाली घातल्या, सातवी माडावर चढली तिला शिव्या घालून खाली उतरवली, आणि सर्वांसोबत वेशीवरचा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून शेजारगावच्या जमिनीत आली. तिथे बांबूंवर माडाची झापं टाकून झोपड्या उभ्या राहत होत्या. तुळसा समोर दिसली तशी कार्मीनने विचारलं, "यंत्र खंय ठेवलंस?"

तुळसा तिच्याकडे बघतच राहिली. "बाय, तुमी हाडलास ना?"

"मी? तुज्या आजयेचा यंत्र, तूच घेवन जाशीत म्हणान मी शाळेक कुलूप लावलंय!"

सात कोंबड्या आठवणीने आल्या होत्या. यंत्र प्रयोगशाळेच्या कपाटात राहिलं होतं, पेटीही तिथेच, आणि रविवार सकाळपर्यंत कोणी वेशीच्या आत पाऊल टाकणार नव्हतं.

विनीत सर, विज्ञानाचे शिक्षक, साताऱ्याकडचे, दोन वर्षांपूर्वी आलेले. भाड्याच्या खोलीत राहत असल्याने तेही चादर घेऊन बाहेर आले होते, आणि सहलीला आल्यासारखे खुशीत होते. हकिगत कळल्यावर ते सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढले, कारण तिथेच मोबाइलला रेंज, आणि पुण्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाने त्यांना दोनदा विचारलं, "गाव पळालं म्हणजे कुठे पळालं?" मग म्हणाला, नियम सर्वांना सारखा, शनिवार पाच. सर खाली आले ते घाम पुसत.

तेवढ्यात तुळसाचा काका शिवा पुढे झाला. "मी जावन घेवन येतंय. गाडी वेशीकडे ठेवतंय, पाच मिन्टांचा काम. कोण बघता?"

"तेका बघणारो आसा," काशीबाई सोबत आणलेल्या मासळीवरून नजर न काढता म्हणाली. शिवाने गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

मग विनीत सरांनी जरा बाजूला नेऊन कार्मीनला हलक्या आवाजात सांगितलं, "कार्मीनबाई, राग मानू नका. यांचा देव आहे, यांना बंधन आहे. तुम्ही ख्रिश्चन. तुम्ही गेलात तर काय बिघडलं? मुलींची मेहनत वाया जाईल हो."

माणूस वाईट नव्हता. मनापासून बोलत होता. आणि खरं सांगायचं तर कार्मीनच्याही मनात तेच येऊन गेलं होतं. चर्चच्या मागून खाडीच्या बांधाने एक वाट शाळेकडे जाते. वीस मिनिटं जायला, वीस यायला, चिटपाखरू बघणार नाही. कपाटाची किल्ली तिच्या कमरेलाच होती. तिने किल्ली चाचपली. समोर तुळसा खाली बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. आणि मे महिना काही लांब नव्हता.

"सर," कार्मीन म्हणाली, आणि एरवी त्यांच्याशी शुद्ध बोलणारी ती बाई त्या वेळी आपल्या भाषेत बोलली, "देव तुमी म्हणतास तसो माजो नसात. पण गाव माजो आसा. आज माज्या पायान वेस मोडली, तर उद्या ह्या पोरांका मी कोणत्या तोंडान काय शिकवू?"

सर ओशाळले. कार्मीनला त्यांची कीव आली, आणि स्वतःचीही आली. बोलायला बोलून गेली, पण यंत्र काही बोलण्याने व्हाळ ओलांडून येणार नव्हतं. ती तशीच काशीबाईजवळ जाऊन बसली.

काशीबाई काय करत होती? जे रोज करते तेच. अर्धवट सुकलेली ढोमी मासळी मागे टाकून येणं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून टोपलीभर घेऊन आली होती आणि व्हाळाच्या कडेला चटईवर पसरून काठी घेऊन बसली होती. आणि कावळे? ते तर गावाच्या आधी येऊन पोचले होते. गावात चूल नाही म्हटल्यावर ते तिथे कशाला थांबतील? पत्र्यावर बसणारा तो नगसुद्धा त्यांत होता, असं मेल्विना छातीवर हात ठेवून सांगत होती.

कार्मीनने घटकाभर तोंड उघडलं नाही. मग ती खड्या आवाजात ओरडली, "गो तुळसा! मेल्विना! हडे येवा! यंत्र शाळेत आसा, पण आजी हय आसा आणि कावळेय हय आसत. आणखी काय व्हया?"

"मोटर व्हयी," तुळसा रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मोटरीन काय दिवे लावल्यान ते बघितलंव. मोटरीशिवाय कर."

शुक्रवारची सगळी सकाळ दोघींनी बांबू घासण्यात घालवली. युक्ती तुळसाची. देवळात पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेलं असतं, थेंब थेंब पाणी पडत राहतं, ते तिला आठवलं. तसं पाणी एका बांबूच्या नळ्यात पडू द्यायचं. नळा मध्ये खिळ्यावर तोललेला. भरला की तोंडाकडून खाली जाणार, पाणी सांडणार, आणि हलका होऊन परत येताना त्याचं ढुंगण पत्र्यावर आपटणार. शिवाय त्याला सुंभ बांधायचा, म्हणजे चटईवर टांगलेली झापं हिसका खाऊन हलतील. झोपड्यांचे उरलेले बांबू होते, शिवाचा कोयता होता, तेलाच्या डब्याचं झाकण होतं. कार्मीनने स्वतःची कळशी दिली. तिच्या बुडाला भोक पाडताना तुळसाचा हात थांबला. "मार गो," कार्मीन म्हणाली, "कळशी काय, दुसरी मेळता."

दुपारी यंत्र चाललं. ठक. थोड्या वेळाने ठक. पुन्हा ठक. जमलेल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. तासाभराने तोच कावळा येऊन नळ्यावर बसला.

या वेळी तुळसा रडली नाही. ती कावळ्याकडे बघत बसली, तोंड न उघडता. कार्मीन दुरून तिच्याकडे बघत होती आणि मधे बोलायला आलेल्या विनीत सरांना तिने हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने तुळसा म्हणाली, "बाय, हो मोजता. ठक झाला की पुढचा ठक कदी येतला ता तेका समाजता."

"मगे?"

"मगे तेका मोजूक देवचा नाय."

कळशीला आणखी दोन भोकं पडली. तीन नळे, एक लांब, एक मध्यम, एक आखूड. प्रत्येक आपल्या वेळेने भरणार, आपल्या वेळेने आपटणार. कधी दोन ठक लागोपाठ, कधी कितीतरी वेळ शांत, कधी तिन्ही एकदम. कावळे आले, फांदीवर बसले, माना वाकड्या करून ऐकत राहिले. हिशेब जुळेना. संध्याकाळपर्यंत एकही खाली उतरला नाही. कार्मीनने "सायबा माज्या!" म्हणून कपाळाला हात लावला आणि मग कोणी बघत नाहीसं पाहून डोळे पुसले. मेल्विनाने पाहिलंच.

शनिवारी जेवणं झाल्यावर चित्रीकरण ठरलं. काशीबाईला काय बोलायचं ते पाठ करून दिलं होतं: "ह्या यंत्राचो माका खूब उपेग होता." ती सकाळपासून ते पुटपुटत होती आणि दर वेळी 'यंत्रा'पाशी अडखळत होती. विनीत सरांनी मोबाइल सरसावला, मेल्विनाने कळशी भरली, तुळसा आजीला सांगायला गेली आणि तशीच मागे आली.

"आजी झोपली," ती म्हणाली.

काशीबाई चटईच्या बाजूला, झापाच्या सावलीत, कुशीवर झोपली होती. काठी हातातून सुटून बाजूला पडली होती. हात उघडा, वाळत घातल्यासारखा मातीवर टाकलेला. मागे नळे आपटत होते, तिला त्याची दादही नव्हती. मासळी जशीच्या तशी होती.

सर घड्याळ बघत म्हणाले, "उठवा तिला. अडीच वाजले. सड्यावर चढायला हवं, पाठवायला वेळ लागतो."

तुळसाने आजीच्या खांद्याकडे हात नेला.

"उठवू नको," कार्मीन म्हणाली. "ह्याच काढ."

"अहो, पण त्यांनी काही बोलायला हवं. वापरणारा माणूस दिसला पाहिजे, असा नियम आहे."

"दिसता मा?"

सरांनी तीन मिनिटं चित्रीकरण केलं. कळशी, तीन नळे, झापांचा हिसका, फांदीवरचे कावळे, आणि बाकी सगळा वेळ काशीबाई. मग सर, तुळसा आणि मेल्विना सडा चढून गेले. कार्मीन गेली नाही. आजीजवळ कोणीतरी हवं म्हणाली. कळशी रिकामी होत आली की ती व्हाळावरून पाणी आणून ओतायची, पाय न वाजवता. चार चाळीसला सड्यावरून मेल्विनाची आरोळी आली तेव्हा काशीबाई दचकून उठली, आधी काठी शोधली, मग मासळी मोजली, आणि मग कार्मीनकडे बघून म्हणाली, "गो, माका उठवलंस नाय?"

रविवारी कौल झाला आणि गाव परत आलं.

फेब्रुवारीत पुण्याचं बोलावणं आलं. राज्यातून निवडलेल्या चाळीसांत बांदवळच्या दोघी होत्या. फॉर्मवर मार्गदर्शक शिक्षकाच्या रकान्यात विनीत सरांचं नाव होतं, कारण परिचरासाठी रकानाच नसतो. सरांनी भांडून पाहिलं, माणूस निघाला खरा. शेवटी कार्मीन गेली ती 'मुलींसोबत महिला प्रतिनिधी' या रकान्यातून. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, ते मी इथे लिहून ठेवतो.

मोठ्या दालनात चाळीस टेबलं. बाजूला लुकलुकणारे दिवे, बोलणारी यंत्रं. दोघींच्या टेबलावर भोकं पाडलेली कळशी आणि तीन बांबू. कार्मीन मागे भिंतीशी, मांडीवर जेवणाचे डबे घेऊन बसली होती. परीक्षक आले. मोठे नावाजलेले इंजिनिअर म्हणे. त्यांनी चित्रीकरण शेवटपर्यंत पाहिलं, चष्मा काढला, आणि तुळसाला विचारलं, "बाळ, यात वापरणारी व्यक्ती काहीच करत नाही. ती तर नुसती झोपलीय."

तुळसाने एकदा मागे वळून कार्मीनकडे पाहिलं. कार्मीनने काही खूण केली नाही. हात डब्यांवर तसेच ठेवले.

"हो सर," तुळसा पुढे वळून म्हणाली. "माझी आजी अकरा वर्षांनी दुपारची झोपली."